नवी गाडी घेतली, आनंद ११ दिवस टिकला. तुमच्याकडे टिकाऊ काय आहे?

नगरी पोरगा

सलाम मंडळी. (आमच्या चर्चमध्ये एकमेकांना सलामच म्हणतात, नवीन लोकांनी गैरसमज करून घेऊ नये.)

वय ३४, मूळचा नगरचा, आता अहिल्यानगर म्हणायचं पण तोंडात बसत नाही अजून. दहा वर्षं झाली हिंजवडीत. रावेतला टू बीएचके, बायको, साडेचार वर्षांची मुलगी, आणि दोन ईएमआय. गेल्या महिन्यात दुसरा ईएमआय सुरू झाला कारण गाडी घेतली, सनरूफवाली, तीन वर्षं मनात होती तीच. शोरूममध्ये गाडीवरचं लाल कापड काढायला लावतात, फोटो काढतात, पेढे देतात, त्या दिवशी मी हवेत होतो, खोटं कशाला बोलू. असं अकरा दिवस चाललं. आकडा पक्का आहे कारण बाराव्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागच्या दारावर कुणीतरी लांबलचक चरा ओढून ठेवला होता, आणि मी वॉचमनला जे काही बोललो ना, ते ऐकून माझी पोरगी आईच्या मागे जाऊन लपली. वॉचमन साठीचा माणूस आहे. एक शब्द बोलला नाही. मी वर आलो आणि त्या चऱ्याचा फोटो झूम करून करून रात्री दीडपर्यंत बघत बसलो.

त्या रात्री का कुणास ठाऊक आजोबा आठवले. मिशनच्या शाळेत मास्तर होते. पाच पोरं, पत्र्याचं घर, एक सायकल. रविवारी उपासनेत पेटी वाजवायचे, तिची एक पट्टी मेलेली होती, ती पट्टी आली की आजोबा तो सूर तोंडाने जोरात म्हणायचे म्हणजे गाण्यात खड्डा पडायचा नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं गाताना डोळे मिटलेले असायचे आणि चेहरा असा की आम्ही पोरं मागच्या बाकावरून त्यांच्याकडेच बघायचो. त्यांनी दहा वर्षांत कमावलं नसेल तेवढं मी एका महिन्यात कमावतो आणि तसला चेहरा माझ्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नाही, परवा मुद्दाम काढून बघितला.

तर प्रश्न असा की विश्वासातून येणारा तो टिकाऊ आनंद म्हणतात तो रोजच्या दिवसात नेमका दिसतो कसा? सोमवारी सकाळी साडेनऊला भूमकर चौकात अडकलेल्या माणसाला त्याचं काय होतं? हात जोडून विनंती, 'देवावर भरवसा ठेव' एवढंच लिहू नका, ते आई रोज सकाळी गुलाबाच्या फोटोवर पाठवते. ज्यांना खरंच मिळालंय त्यांनी सांगा. नसेल मिळालं तर तेही सांगा.

---

निवृत्त बाई

सलाम बाळा. तुझ्या आजोबांसारखीच मी पण मिशन शाळेतली, ३१ वर्षं सातवीचा वर्ग घेतला, आता गुडघे घेऊन घरी बसलेय, म्हणून लांब लिहिते, कंटाळा आला तर सोडून दे.

एक काम कर. बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र काढ, चारच अध्याय आहेत, चहा गार व्हायच्या आत वाचून होतं. आनंद हा शब्द त्यात या ना त्या रूपाने पंधरासोळा वेळा येतो आणि लिहिणारा पौल तेव्हा कैदेत आहे, निकाल सुटकेचा लागेल का मरणाचा तेही माहीत नाही. आता चौथा अध्याय नीट बघ. प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा हे वाक्य आपल्याकडे कॅलेंडरवर छापतात, पण त्याच्या दोनच वचनं आधी काय आहे ते कोणी छापत नाही. तिथे मंडळीतल्या दोन बायकांचं भांडण आहे! दोघींची नावं घेऊन पौल म्हणतो, बायांनो एकचित्त व्हा. आणि लगेच, आनंद करा. मी महिला मंडळात २० वर्षं सेक्रेटरी होते त्यामुळे मला ही जागा फार जवळची आहे. भांडण मिटू दे, सुटका होऊ दे, मग आनंद करू, असं तो म्हणतच नाही.

आणि पुढे अकराव्या वचनात म्हणतो की आहे त्या स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे. 'शिकलो' या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवलीय. म्हणजे दमास्कसच्या वाटेवर प्रकाश पडला, पौल येशूचा झाला, आणि त्याच झटक्यात ही तृप्तीही मिळाली असं झालेलं नाही. त्याला शिकावं लागलं, पाढ्यांसारखं. तुझ्या आजोबांचा चेहरा तू पाहिलास तेव्हा त्यांचे पाढे पाठ झालेले होते रे. तिशीतले आजोबा तू पाहिलेले नाहीस. पाच पोरं आणि मास्तरचा पगार, त्यांनीही कुणावर तरी आरडाओरडा केलाच असेल, आजीला विचारायला हवं होतं.

अजून एक, गाडी घेतलीस म्हणून स्वतःला पापी समजत बसू नकोस. फिलिप्पैची मंडळी सुरू झाली ती लुदियेच्या घरात, ती जांभळी वस्त्रं विकणारी व्यापारी बाई, चांगली पैसेवाली असणार. तिला कोणी दुकान बंद कर म्हटलं नाही. तिने घर उघडलं. त्याच गावात पौल आणि सीला फटके खाऊन तुरुंगात पडले, पाय खोड्यात, आणि मध्यरात्री गाणी म्हणत होते, बाकीचे कैदी ऐकत होते. तुझ्या आजोबांची मेलेली पट्टी वाचली आणि मला तेच आठवलं.

---

वारकरी इंजिनिअर

मी ख्रिश्चन नाही, तरी लिहितोय, चालेल ना? आमच्याकडे आजी 'ठेविले अनंते' म्हणायची आणि विषय संपवायची. समाधान मानायचं, हाव सोडायची. वारीत १८ दिवस दोन कपड्यांवर चालतो तेव्हा मलाही जाणवतं की खरी गरज केवढी कमी असते, आणि परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी ऑनलाइन हेडफोन बघत असतो, हा भाग वेगळा. मग तुमच्यात आणि आमच्यात फरक काय? भांडायला विचारत नाहीये, खरंच विचारतोय.

---

निवृत्त बाई

चालेल की, न चालायला काय झालं. नारायण वामन टिळक स्वतः म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो. चित्पावन ब्राह्मण, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, घरदार तुटलं, लक्ष्मीबाई पाच वर्षांनी त्या मार्गाला आल्या. आणि १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडून ख्रिस्ती संन्यासी झाले, साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. आता ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याच्या बायकोला काय सोसावं लागतं ते 'स्मृतिचित्रे'त बघ, लक्ष्मीबाईंनी हसत हसत सगळं मांडून ठेवलंय. त्यामुळे त्यागाचं कौतुक करताना मी जरा जपूनच करते.

फरक विचारलास तर मला वाटतो तो एवढाच, पंडित लोक वेगळं सांगतील. आमच्याकडे मन निर्विकार करायला सांगितलेलं नाही. येशू मित्राच्या कबरेपाशी रडला, आणि पाचदहा मिनिटांत त्याला उठवणार होता तरी रडला. दुःख पूर्ण खरं, आनंदही पूर्ण खरा, दोन्ही एकाच घरात राहतात. पंडिता रमाबाईंचं बघ. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर नवरा गेला, आणि शेवटी १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. त्या बाईने केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या शेकडो मुली आणल्या, आणि म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. मुलगी गेल्यावर वर्षाच्या आत त्याही गेल्या, पण तोवर भाषांतराचं काम पुरं करत होत्या. याला समाधान मानणं म्हणत नाहीत, कुणाच्या तरी हाताला धरून चालणं म्हणतात. तो 'कुणीतरी' आमच्यासाठी येशू आहे. बास, माझी धाव इथपर्यंतच.

---

वाडीवाला

जय येशू सगळ्यांना, वसईहून. मी कॅथलिक, आमच्याकडे बायबलचे आकडे तुमच्यासारखे पाठ नसतात, सांभाळून घ्या.

माझी गोष्ट पैशाचीच आहे. आमची वाडी होती, केळी, पानवेल, कडेने मोगरा, मागे बावखल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बावखल म्हणजे आमच्या इथलं गोड्या पाण्याचं तळं, सगळ्या वाडीला त्याचंच पाणी. बिल्डर आला, भाव सांगितला, पपा गेल्यानंतर आम्ही तीन भाऊ होतो, तिघांनी सह्या केल्या. फादर दिब्रिटो आणि हरित वसईवाली मंडळी तेव्हा ओरडून ओरडून सांगत होती, आम्ही म्हटलं यांना काय जातंय बोलायला. जेवढा पैसा आला तेवढा आमच्या सात पिढ्यांनी पाहिला नव्हता. बंगला बांधला, मार्बल लावला, मम्मी म्हणाली पाय घसरतो. सहा महिन्यांत वाटणीवरून आम्ही भाऊ कोर्टात. नऊ वर्षं. एका आळीत राहून, एका चर्चमध्ये एकाच मिस्साला जाऊन, 'शांती असो' म्हणायच्या वेळेला आम्ही तिघं तीन दिशांना तोंड करून हात मिळवायचो. आज लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

नगरी भाऊ तुम्ही विचारलं रोज दिसतो कसा. मला आनंद बिनंद काय शोधायचा नव्हता, मला झोप हवी होती. पॅरिशमधल्या एकाने विन्सेंट डी पॉल सोसायटीत ओढून नेलं, म्हटलं जाऊ, घरी बसून भावाला शिव्या देण्यापेक्षा बरं. तिथे काम काय, तर दर शनिवारी ठरलेल्या घरी जायचं. माझ्या वाट्याला आला एक एकटा म्हातारा, अंथरुणाला खिळलेला. पहिल्या दिवशी मी किराणा ठेवला आणि निघालो. तो म्हणाला, नखं काप ना जरा. मी आयुष्यात कुणाची नखं कापली नव्हती, माझ्या बापाचीसुद्धा नाही. त्याची पायाची नखं पिवळी, जाड, कौलासारखी, कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवावे लागले अर्धा तास, मग एकेक. त्या अर्ध्या तासात तो बोलत होता आणि मला अचानक लक्षात आलं की मी सकाळपासून कोर्टाची तारीख आठवली नाहीये. घरी येऊन दुपारी झोपलो, चार तास. बायको घाबरून उठवायला आली.

सात वर्षं झाली. तो म्हातारा गेला, आता दुसरं घर आहे. केस आम्ही मिटवली, मी थोडं सोडलं, मधल्यानेही सोडलं, मोठा अजून बोलत नाही. सगळं गोड झालं असं लिहिणार नाही. बावखल बुजलं ते बुजलंच, त्याच्यावर ए विंग आहे.

फादरांनी एकदा प्रवचनात दाखवलं होतं ते सांगतो. बायबलमधल्या लूकच्या अठराव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस येशूचं बोलणं ऐकून फार दुःखी होतो, आणि एकोणिसाव्यात जक्कय, तोही श्रीमंत, येशूला आनंदाने घरी नेतो. जक्कयला येशूने काही दे म्हणून सांगितलंही नव्हतं, तो आपणहून उठून म्हणाला अर्धं गरिबांना देतो. अर्धं! बाकीचं अर्धं त्याच्याकडे राहिलंच की, त्यातून फसवलेल्यांना चौपट द्यायचं होतं म्हणा. मला हा माणूस आवडतो, हिशेबी आहे, आमच्या वसईतला वाटतो.

---

कोयता

माझं नाव आवडलं नाही तरी चालेल. बाप ऊसतोड कामगार होता, मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटायची कधीच नाही, दर दिवाळीनंतर कारखान्यावर. मी मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकलो म्हणून आज हे टाइप करतोय.

मला असले धागे वाचले की डोकं फिरतं, सॉरी. ज्याच्याकडे सनरूफ आहे त्याला कळतं की वस्तूत आनंद नसतो. बोर्डिंगमध्ये पहिल्या थंडीत मला स्वतःची चादर मिळाली, कोणाबरोबर वाटून घ्यायची नाही अशी, त्या चादरीचा आनंद अकरा दिवसांत संपला नाही, मी अजून ती ठेवलीय. वस्तूत आनंद असतो. ज्याला नाही त्याला असतो. त्यामुळे 'ऐहिक सुखं क्षणभंगुर' हे प्रवचन माझ्या बापाला कोणी देऊ नये, त्याला दोन वेळचं आणि पक्कं छप्पर द्यावं. बायबलमध्ये याकोबाने हेच लिहिलंय, दुसरा अध्याय, उघड्या उपाशी माणसाला नुसतं 'सुखाने जा, ऊब घे' म्हणालात तर काय उपयोग.

पण माझा बाप कोप्यावर बसून गाणी म्हणायचा हेही खरं आहे, खोटं का बोलू. अंगठाछाप, पण उपासना संगीतातली वीसपंचवीस गाणी पाठ. रात्री दोन वाजता गाडी भरायची असायची आणि हा माणूस गाणं म्हणत मोळ्या बांधायचा. मला त्याचा राग यायचा की याला राग कसा येत नाही. आता मी त्याच वयाचा झालोय आणि मला कळत नाही की तो आनंद होता की सवय होती. बाप गेला, विचारायचं राहिलं.

आणि नगरी भाऊ, एवढं लिहिलंत, वॉचमनची माफी मागितली का ते लिहिलं नाहीत.

---

नाइट ड्यूटी

मिरजेत नर्सिंग केलं, आता परदेशात आहे, रात्रीच्या ब्रेकमध्ये लिहितेय, शुद्धलेखन बघू नका.

दोन गोष्टी. पहिली, सावध राहा. टिकाऊ आनंद शोधायला निघालं की वाटेत दुकानं लागतात. माझ्या आईने एका प्रार्थनासभेत हातातल्या पाटल्या काढून दिल्या, 'बीज पेरा, शंभरपट मिळेल' म्हणून. नाव घेत नाही. शंभरपट सोडा, पाटल्या गेल्या, आणि वर ऐकवलं की तुमचा विश्वास कमी पडला. येशूकडे या म्हणजे फ्लॅट मिळेल, व्हिसा मिळेल, हे म्हणजे तेच शोरूम, फक्त लाल कापडाच्या जागी स्टेज. आई अजून प्रार्थना करते, तिचा विश्वास गेला नाही, माझा मात्र दोन वर्षं गेला होता. परत कसा आला तर एका रात्री वॉर्डात एक बाई जाणार हे सगळ्यांना कळलेलं, तिलाही, आणि ती मला म्हणाली तू जेवलीस का. एवढंच. मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले. ती बाई रोज रात्री स्तोत्र वाचायची, मी उजेड करून द्यायचे.

दुसरी, दादा, रात्री दीडपर्यंत चऱ्याचा फोटो बघणं एकदा झालं असेल तर ठीक. पण दोन आठवड्यांच्या वर कशातच मन लागत नाही, झोप नाही, भूक नाही, जगावंसं वाटत नाही असं असेल तर डॉक्टरकडे जा. प्रार्थना पण कर आणि गोळीही घे. डिप्रेशन म्हणजे विश्वास कमी असं कुणी म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठव. एलिया संदेष्टा झाडाखाली बसून देवाला म्हणाला मला मरण दे, तर देवाने त्याला उपदेश केला नाही, आधी झोपू दिलं, भाकर खाऊ घातली, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. आम्ही वॉर्डात हेच करतो.

---

नगरी पोरगा

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, रिलीज होतं.

आधी कोयता भाऊंना उत्तर. नव्हती मागितली. तुमची कमेंट मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये वाचली आणि डबा तसाच बंद केला. तीन दिवस लागले. गेटवर जायचो, 'काका कसे आहात' म्हणायचो आणि पुढे सटकायचो. चौथ्या दिवशी पाऊस होता, त्यांच्या केबिनमध्ये उभा राहिलो आणि बोलून टाकलं. त्यांनी खुर्ची पुढे केली. म्हणाले साहेब, जाऊ द्या. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, तुमच्याच पोरीची सायकल होती. हँडल घासलं. मी बघितलं होतं, पण म्हटलं तुम्ही तापलेले आहात, पोर मार खाईल.

मला पुढे काय लिहावं कळत नाही. ती आईच्या मागे का लपली हे मी तीन आठवडे चुकीचंच समजत होतो. हा माणूस नोकरी जाईल इतक्या शिव्या खाऊन गप्प बसला. तो ख्रिस्ती नाही, हेही सांगून ठेवतो, नाहीतर लगेच आमेन येतील.

फिलिप्पै वाचलं बाई, तीनदा. चहा गार झाला पण ठीक आहे. 'शिकलो' वर मीही रेघ मारली. नाइट ड्यूटी ताई, झोप ठीक आहे, लक्ष ठेवून आहे, थँक यू.

मागच्या रविवारी गावी गेलो होतो, हंगामाचा सण होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लोक शेतातलं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवतात, बाजरीची कणसं, कांदे, कोहळे, कोंबडी पाय बांधून, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, पैसे मंडळीला. लहानपणी आम्हाला त्या कोंबडीतच इंटरेस्ट. यंदा काकाचा कांदा अवकाळीत गेला, तरी तो पायली भरून ज्वारी घेऊन आला होता, मागच्या वर्षीची. पाळक साहेबांनी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट वाचला. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, ऐकताना वाटलं तलाठी पंचनामा लिहून घेतोय. आणि त्या यादीच्या खाली, तरी मी आनंद करीन. काका मला कोपर मारून म्हणाला, आनंद करीन, पण पीकविम्याचा फॉर्म पण भरीन. त्याला मी विचारलं, नाना, खरं सांग, कांदा गेला त्या रात्री आनंद होता का? तो म्हणाला, आनंद कुठला रे, छाती फुटायची वेळ होती. पण सकाळी उठलो तेव्हा मी एकटा नव्हतो. एवढं बोलून तो कोंबडीची बोली लावायला गेला.

लिलावात एक कोहळा तीनदा विकला गेला, जो घेईल तो परत वेदीपुढे ठेवायचा आणि पुन्हा बोली. मग सहा गावठी अंडी आली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आणणारी आजी शेवटच्या बाकावर बसली होती, पदराने चष्मा पुसत. बोली पन्नासवर अडकली. मी म्हटलं अकराशे. का म्हटलं माहीत नाही. अकराच्या आकड्याशी माझं काहीतरी असणार. आजीने मान वळवून बघितलं की कोण येडा आहे, आणि मग असं हसली की तिचे दोन उरलेले दात दिसले. मी त्या क्षणी कशाचाच विचार करत नव्हतो, ईएमआयचाही नाही. वाडीवाले दादा, तुमच्या नखांवाल्या अर्ध्या तासासारखं असेल कदाचित. किंवा नसेल, मला एवढ्यात नाव द्यायचं नाहीये त्याला.

परत येताना पोरीने अंडी मांडीवर धरायचा हट्ट केला. शिरूरच्या पुढे स्पीडब्रेकरला दोन फुटली, सगळं मागच्या सीटवर, बेज रंगाचं सीट आहे. तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, श्वास धरून. मी गाडी बाजूला घेतली. आमच्याकडे पाण्याची बाटली होती, गरम पाण्याचा थर्मास होता, आणि तिची फडकी. दोघं पुसत बसलो. ती म्हणाली पप्पा तू ओरडणार आहेस का. मी म्हटलं, बघू, अजून ठरवलं नाही. ती हसायला लागली.

उरलेली चार वॉचमनकाकांना दिली. म्हणाले, गावठी दिसतात, कुठून आणली.

डाग मात्र गेला नाहीये. पिवळट राहिलाय आणि उन्हात वास येतो. कोणाला काही माहीत असेल तर सांगा.

---

निवृत्त बाई

थर्मासचं पाणी ओतलंस ना आधी? गरम पाण्याने अंडं शिजून बसतं कापडात. आता थंड पाण्यात थोडा व्हिनेगर टाकून फडकं भिजव, दाबून ठेव, घासू नकोस. दोनतीनदा कर. वास जाईल, डाग थोडा राहील.